किटलीखालची चुंबळ

आमच्या कारखान्यात तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. शाळेत ती शिकवायला कधी गेली नव्हती, स्वतः दहावीपर्यंतच शिकलेली. पण पॅकिंगमध्ये आलेली प्रत्येक नवी बाई पहिले पंधरा दिवस तिच्या टेबलाशी उभी राहायची. खोकं नीट भरलं नाही तर मास्तरीण ते शांतपणे रिकामं करायची आणि म्हणायची, "हं, आता पहिल्यापासून." मीही तशीच शिकले. पुढे बारा वर्षं तिच्या समोरच्या टेबलावर काढली. त्यामुळे ही गोष्ट मला जितकी माहीत आहे, तितकी तिच्या नवऱ्यालाही नसेल. जे दिसलं नाही ते तिनंच मला नंतर सांगितलं, थोडं थोडं, किटल्या पुसत पुसत.

आमच्याकडे चिनी मातीची भांडी होतात. कप, बश्या आणि किटल्या. किटली सगळ्यात नाजूक, कारण तिची चोच. भट्टीतून आलेली किटली मास्तरीण हातात घ्यायची, नखानं एक टिचकी मारायची आणि कान लावायची. आवाज लांबला तर माल चांगला, आखूड पडला तर आत कुठेतरी तडा आहे. डोळ्यांनी दिसत नसलेला तडा तिच्या नखाला कळायचा. आमच्या विभागाच्या भिंतीवर एक तक्ता होता, त्यावर कुणी पाळीला किती खोकी भरली ते लिहिलेलं असायचं. एकशेवीस खोकी आणि सगळ्यात वर मास्तरीण. वर्षानुवर्षं त्यात बदल नव्हता. आम्ही वर बघायचोच नाही, दुसऱ्या नंबरपासून वाचायला सुरुवात करायचो.

तिच्या घरी तेव्हा पाच माणसं. ती, तिचा नवरा, शाळेत जाणारी मुलगी, आणि दीर आणि त्याची बायको. ही धाकटी जाऊ पदवीधर होती. लग्न होऊन आली तेव्हा नवरा सहज बोलून गेला, "चला, घरात एक तरी शिकलेलं माणूस आलं." त्याच्या मनात काही नव्हतं. पण ते वाक्य मास्तरणीनं उचललं आणि जपून ठेवलं.

आता गंमत अशी, की धाकटीला कारखान्यात आणली मास्तरणीनंच. घरात दोघी सकाळ-संध्याकाळ एकमेकींच्या पायात येतात, त्यापेक्षा ही माझ्या हाताखाली पॅकिंगला लागली तर बरं, असा तिचा हिशोब. अर्जाचा कागद तिनंच आणला, फोटो तिनंच चिकटवला. मला म्हणालीसुद्धा, "बघ, पंधरा दिवसांत तयार करते तिला. हात बरे आहेत." धाकटी मुलाखतीला गेली. तिची पदवी बघून साहेबांनी तिला पॅकिंगला पाठवलंच नाही. पहिल्या मजल्यावर खरेदी विभागात टेबल दिलं, खुर्ची दिली.

"वरती?" मास्तरणीनं विचारलं.

"हो ताई," धाकटी आनंदानं म्हणाली. "तुमच्यामुळेच."

हे "तुमच्यामुळेच" मास्तरणीला चार दिवस पचलं नाही. एकोणीस वर्षांत ती त्या जिन्यानं वर कधी गेली नव्हती. वर जायचं काम पडत नसे. पगार खाली मिळायचा, रजेचा कागद खाली द्यायचा.

वर्षभर तसं ठीक चाललं. मग आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं, त्याचं पत्र आलं. पुढच्या हंगामापासून थर्माकोल चालणार नाही, प्लास्टिकच्या फुग्याफुग्यांचा कागदही चालणार नाही. शिवाय तुमचं खोकं कुठून येतं, त्याचा पुठ्ठा कोण बनवतो, तो बनवताना पाणी कुठे सोडतो, माती कुठून खणता, ट्रक अर्धे रिकामे का धावतात, सगळं कळवा. हे काम कुणाच्या तरी गळ्यात घालायला हवं होतं. साहेबांनी ते धाकटीच्या गळ्यात घातलं आणि तिनं ते हारासारखं घालून घेतलं.

कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावलं. धाकटी समोर उभी राहून बोलली. आवाज थोडा कापत होता, पण बोलली नीट. आपण जे विकतो त्याच्यामागे केवढी मोठी रांग असते, आणि त्या रांगेत कुठेही घाण झाली तरी ती आपलीच, असं काहीतरी. भट्टीवाला माझ्या कानात पुटपुटला, "म्हणजे आणखी एक रजिस्टर." ट्रकवाल्यानं विचारलं, "रिकामा ट्रक भरून आणायचा तर चढवणार कोण, मी?" लोक हसले. काहींना ते पटलंही, पण पटलं असं बोलून दाखवायला कँटीन ही जागा नव्हे. मास्तरीण हसली नाही. ती धाकटीच्या अंगावरची कडक इस्त्री बघत होती. ती इस्त्री सकाळी तिच्याच मुलीनं करून दिली होती. "काकूचं आज भाषण आहे ना," म्हणून.

हेच तर सगळ्यात झोंबत होतं. मुलगी पूर्वी शाळेतून आली की आईला सगळं सांगायची. आता अभ्यासाला काकू, निबंधाला काकू. घरात कचऱ्याचे दोन डबे झाले, कारण काकू म्हणाली. एकदा मास्तरणीनं चुकून भाजीची देठं सुक्या डब्यात टाकली, तर मुलगी म्हणाली, "आई, तुला कितीदा सांगायचं?" दुसऱ्या दिवशी टेबलाशी उभं राहून हे मला सांगताना तिनं दोरी इतकी जोरात आवळली की खोक्याचा कोपरा दबला.

मग धाकटीनं सगळ्यांना एक छापील कागद वाटला. बारा प्रश्न होते. नाव लिहायचं नव्हतं. नव्या पद्धतीबद्दल तुम्हाला काय वाटतं, त्यानं तुमच्या कामगिरीवर परिणाम होईल का, होणार असेल तर कोणता. बहुतेकांनी सगळ्या प्रश्नांपुढे "हो" लिहून कागद परत केला. मास्तरीण पूर्ण जेवणाची सुट्टी त्याच्यावर बसली. तिनं काय लिहिलं ते मी तिरकं होऊन वाचलं: "होय, परिणाम होईल. खाली बसलेल्यांचे हात मंद होतील आणि वर बसलेल्यांची जीभ जलद होईल."

दोन दिवसांनी धाकटीनं ते वाक्य सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. "दोनशे कागदांत हे एकच खरं उत्तर आहे," ती म्हणाली. "कुणी लिहिलं ते मला माहीत नाही. पण त्या माणसाशी मला बोलायचंय." टाळ्या पडल्या. मास्तरीण खाली मान घालून बसली. मारलेला दगड हार होऊन परत आला की माणसाचं काय होतं, ते मी तेव्हा बघितलं. तिचे कान लाल झाले होते.

"सांग ना तिला," मी म्हटलं.

"कशाला? तिथेही तिचंच कौतुक होईल. बघा, आमच्या ताई किती हुशार, म्हणून."

पुढच्या सोमवारी थर्माकोल बंद झाला आणि कातरलेल्या कागदाची पोती आली. पहिल्याच दिवशी आमचे सगळ्यांचे हात अडखळले. थर्माकोलची घडवलेली खाच असायची, किटली ठेवली की बसली. कागद सारायचा, दाबायचा, परत सारायचा. मास्तरणीची एकशेवीस खोकी ऐंशीवर आली. दुसऱ्या आठवड्यात तक्त्यावर तिचं नाव तिसरं होतं, कारण दोन नव्या मुली कागद नुसताच कोंबायच्या आणि पुढे ढकलायच्या. तक्ता लिहिणाऱ्यानं तिचं नाव लिहिताना मागे वळून पाहिलं, माफी मागितल्यासारखं. त्या नजरेचा तिला जास्त राग आला.

आणि मग ती गोष्ट झाली, जिची मी साक्षीदार आहे.

तिला दोष एका दिवसात कळला होता. कागद पहिल्यांदा फुगलेला असतो, पण ट्रक हलत राहिला की तो खाली बसतो. खालून बसला की किटली खाली घसरते आणि चोच शेजारच्या किटलीवर आपटते. वरून कितीही कोंबलं तरी उपयोग नाही, किटलीला बूड हवं. एका दुपारी चहाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर गेल्या होत्या. मी डबा विसरले म्हणून परत आले. मास्तरणीनं मूठभर कागद घेतला, पाण्याचा हात लावला, पिळला आणि त्याची गोल चुंबळ केली. डोक्यावर हंडा घ्यायला बायका कापडाची करतात तशी. सहा चुंबळी, सहा किटल्या. खोकं बंद केलं, उचलून हलवलं, कमरेच्या उंचीवरून जमिनीवर सोडलं. उघडलं. एकही चोच गेली नव्हती. एकेकीला टिचकी मारून तिनं आवाज ऐकला.

मी दारातच थांबले. मला वाटलं आता ही जिना चढणार. तिनं चुंबळी उचलल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. वळली, तेव्हा मला पाहिलं.

"काय बघतेस?"

"काही नाही. डबा."

मीही डबा उचलला आणि निघाले. पुढे तीन आठवडे मूग गिळून बसले. त्यामुळे या गोष्टीत मी एकटी स्वच्छ आहे असं कुणी समजू नये.

पहिला मोठा ट्रक गेला आणि आठवड्यानं निरोप आला. नमुना म्हणून उघडलेल्या दोनशे चाळीस किटल्यांपैकी एकसष्ट किटल्यांच्या चोची मोडल्या. माल परत. साहेबांनी धाकटीला बोलावलं. त्यांचा आवाज जिन्यावरून खाली येत होता. आमच्या विभागात सगळ्यांचे हात एकदम सावकाश चालायला लागले, कारण ऐकायचं होतं. भट्टीवाला म्हणाला, "झालं पर्यावरण." कागद कोंबणाऱ्या दोघी फिदीफिदी हसल्या.

मास्तरीण मला नंतर म्हणाली, "त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं, इतकं गोड वाटलं, की मला माझीच भीती वाटली. पण गोड वाटलं ते वाटलं."

घरी धाकटी जेवली नाही. मुलगी तिच्या दारापाशी घुटमळत राहिली. शेवटी धाकटीच स्वयंपाकघरात आली आणि मास्तरीण भांडी लावत होती तिथे ओट्याला टेकून उभी राहिली.

"ताई, तुम्ही रोज हात लावता त्या मालाला. मी नुसती कागदावर बघते. तुम्हाला काय वाटतं, कुठे चुकतंय?"

एवढा सरळ प्रश्न. उत्तर तिच्या बोटांत होतं.

"मला काय कळतंय?" मास्तरीण म्हणाली. "मी दहावी शिकलेली बाई. वर विचार."

धाकटीनं एक क्षण तिच्याकडे पाहिलं आणि ती निघून गेली. मास्तरणीनं एक पेला तीनदा पुसला.

दुसरा ट्रकही तसाच फुटून आला. साहेबांनी जाहीर केलं की शहरातून एक पॅकिंगचा तज्ज्ञ येणार. तो आला. पांढरा सदरा, खिशात मोजायची टेप, बोलणं गुळगुळीत. उंटावरचा शहाणा म्हणतात तसा. तो थेट मास्तरणीच्या टेबलाशी आला, तिची सुरी, कात्री, दोरीचं रीळ एका हातानं बाजूला सारलं आणि तिच्या जागेवर उभा राहिला. त्या जागी गेली वीस वर्षं दुसरं कुणी उभं राहिलं नव्हतं. आम्ही हातातलं काम थांबवलं.

"बघा बाई," तो म्हणाला, "किटली अशी धरायची." आणि त्यानं तिला किटली कशी धरायची ते दाखवलं. बोटं चोचीवर.

मास्तरणीनं त्या बोटांकडे बघितलं. तो साहेबांकडे वळून सांगायला लागला की माणसाच्या हाताचा हा प्रश्नच नाही, एक यंत्र बसवा, ते कागदाचे ठोकळे पाडेल, मग इथे दहा बायकांचं काम तीन बायकांत होईल. धाकटी मागे वही घेऊन उभी होती. ती म्हणाली, "पण त्यांना न विचारता..." आणि साहेबांनी तिला हातानं थांबवलं. तज्ज्ञानं स्वतः एक खोकं भरून दाखवलं, हलवलं, उघडलं. दोन चोची गेल्या. "कागद ओला आहे तुमचा," तो म्हणाला.

मास्तरीण मला नंतर म्हणाली की जावेचा हेवा म्हणजे घरातलं दुखणं, सवयीचं. पण हा परका माणूस तिच्या टेबलावर, तिच्या किटलीच्या चोचीवर बोट ठेवून उभा होता, आणि तिला असा काही राग आला की त्यापुढे धाकटी एकदम आपलीच वाटायला लागली.

"सरका," ती म्हणाली.

"काय?"

"सरका म्हटलं. माझी जागा आहे."

तो सरकला. तिनं कागद भिजवला, पिळला, चुंबळी केल्या. इतक्या भरभर, की इतक्या वर्षांनंतरही मी तिच्या हातांकडे बघत राहिले. सहा किटल्या बसवल्या, खोकं दोरीनं बांधलं आणि ते कडेवर घेऊन ती चालू लागली. आम्हाला वाटलं साहेबांना द्यायला. ती जिन्याकडे गेली. एकेक पायरी चढत वर गेली, वरच्या फरशीवर उभी राहिली, आणि खाली जमलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाली, "बाजूला व्हा."

आणि तिनं खोकं जिन्यावरून लोटून दिलं.

सतरा पायऱ्या आहेत. खोकं प्रत्येक पायरीवर आपटत, एकदा उलटं होऊन खाली आलं आणि साहेबांच्या बुटाशी थांबलं. ते उघडायला कुणी पुढे होईना. शेवटी धाकटीनं गुडघ्यावर बसून दोरी सोडली. एकेक किटली काढून तिनं टिचकी मारली. ही टिचकी ती कधी शिकली होती कुणास ठाऊक. सहाही किटल्या लांब आवाजात वाजल्या.

साहेब हसले. "अहो बाई, हे कधी सुचलं तुम्हाला?"

"आत्ताच," मास्तरीण वरूनच म्हणाली.

मी खाली बघितलं. धाकटीनं वर बघितलं. तिच्या हातात ओल्या कागदाची एक चुंबळ होती आणि मग ती त्या चुंबळीकडे अशी बघत राहिली, जसं कुठेतरी पाहिलेलं माणूस आठवावं.

झालं असं होतं, की कचरा किती कमी झाला हे मोजायला धाकटी रोज आमचे डबे वजन करायची. आम्ही तिला त्याच्यावरून हसायचो. तीन आठवड्यांपूर्वी त्या डब्यात तिला वाळलेली सहा कागदी कडी सापडली होती. कशाची ते कळलं नाही, पण काहीतरी मुद्दाम केलेलं दिसलं म्हणून त्यातलं एक तिनं टेबलाच्या खणात ठेवलं होतं. त्या संध्याकाळी घरी तिनं ते मास्तरणीसमोर ओट्यावर ठेवलं.

"हे आत्ता सुचलं?"

मास्तरीण ओटा पुसत राहिली.

"मी तुम्हाला इथेच उभी राहून विचारलं होतं, ताई. दुसरा ट्रक तोवर निघाला नव्हता. तो फुटला नसता. साहेबांसमोर मी किती ऐकून घेतलं, आणि तुम्ही..." तिचा आवाज चढला. "तुम्ही मला पाण्यात बघता हे मला माहीत होतं. पण किटल्यांनी काय केलं होतं तुमचं?"

"माझी मुलगी तुझ्याकडे बसते," मास्तरीण म्हणाली. हे असं काही आपल्या तोंडून निघेल याची तिला स्वतःलाही कल्पना नव्हती. "माझ्या नावाच्या तक्त्यावर तुझा कागद येऊन बसला. मी तुला आणली, आणि तू माझ्या डोक्यावर जाऊन बसलीस. मला तुझा हेवा वाटतो. रोज वाटतो. झालं? लिही तुझ्या वहीत."

धाकटी रडली नाही, जवळही आली नाही. "वाटू दे हेवा," ती म्हणाली. "मला सांगायचं होतंत पण. भांडायचं होतंत." आणि तिनं दार लावून घेतलं. त्यानंतर आठ दिवस ती मास्तरणीशी बोलली नाही. कामापुरत्या चिठ्ठ्या पाठवायची. चिठ्ठीवर "ताई"ऐवजी "पॅकिंग विभाग" लिहिलेलं असायचं. मास्तरणीला ते दोन शब्द एकसष्ट किटल्यांपेक्षा जड गेले.

यंत्र आलं नाही. चुंबळी आम्ही सगळ्या शिकलो. तज्ज्ञाच्या जागी साहेबांनी मास्तरणीला धाकटीबरोबर पुठ्ठ्याच्या कारखान्यात पाठवायचं ठरवलं, कारण आता खोक्याचं बूड जाड हवं होतं आणि ते किती हवं ते मास्तरणीच्या हाताला कळत होतं. दोघी बसनं गेल्या. दीड तास, शेजारी शेजारी, एक शब्द नाही.

पुठ्ठ्याच्या मालकानं पहिल्यांदा मास्तरणीकडे बघितलं. केस पिकलेले, म्हणजे मोठी बाई हीच. तिला खुर्ची दिली, चहा मागवला. धाकटी उभी. मास्तरीण मला म्हणाली, "खोटं का बोलू, तो चहा मला फार गोड लागला." धाकटीनं विचारलं की कारखान्यामागच्या ओढ्यात पाणी कसं सोडता ते बघायचंय. मालक हसला. "बाई, तुम्हाला खोकी हवीत की ओढा?" तरी ती गेली. खिडकीतून मास्तरणीला दिसत होतं, धाकटी चिखलात एक पाय रुतवून वाकलेली, हातात बाटली. पाण्यावर तपकिरी फेस. वरून फाटकावरचा माणूस ओरडत होता, "पडाल हं! मग आमच्यावर केस कराल!" आणि दोन-चार कामगार हसत होते. धाकटी उठली, बूट सोडवला, बाटलीवर चिठ्ठी लावली. कुणाकडे बघितलं नाही.

"रोज असंच असतं का हिचं?" मास्तरणीच्या मनात आलं. वरची खुर्ची म्हणजे तिला वाटत होतं इस्त्री आणि पंखा. वर्षभर ही अशी दहा ठिकाणी जाऊन हसणं ऐकून घेते, आणि संध्याकाळी येऊन मुलीचा निबंध तपासते.

मालक पुढे सांगत होता. "त्या पोरीचं सोडा हो. तुम्ही बोला, किती खोकी पाठवू?"

"तिलाच विचारा," मास्तरीण म्हणाली आणि अर्धा चहा खाली ठेवला. "ती नाही म्हणाली तर तुमचं एकही खोकं माझ्या टेबलावर येत नाही."

धाकटी दारात उभी राहून ऐकत होती.

परतीच्या बसमध्ये अर्ध्या वाटेवर धाकटीच बोलली. "आणि मी नाही म्हणाले, तरी खोकं आलंच असतं तर?"

"तर काय, भरलं असतं," मास्तरीण म्हणाली. "मला वर विचारतंय कोण?"

धाकटी हसली. मग मास्तरीणही हसली. त्या दिवशी दिलजमाई झाली असं मी म्हणणार नाही. भांडण मिटलं, एवढंच.

पुठ्ठेवाल्यानं पाण्यासाठी टाकी बांधायला आठ महिने घेतले. तोवर आम्ही दुसरीकडून खोकी आणली, ती लांबून यायची आणि ट्रकवाला रोज कुरकुरायचा. आमच्या तक्त्यावर नुसती भरलेली खोकी न लिहिता धड पोचलेली खोकी लिहायची, असं धाकटीनं साहेबांच्या मागे लागून करून घेतलं. त्या तक्त्यावर मास्तरीण पुन्हा पहिली आली. पण एकशेवीस खोकी तिची पुन्हा कधी झाली नाहीत. फार तर एकशेआठ. चुंबळीला वेळ लागतो. "हात मंद होतील असं मी लिहिलंच होतं," ती म्हणायची, तेही अभिमानानं.

गिऱ्हाइकाची माणसं बघायला आली तेव्हा चुंबळीची कल्पना कुणाची असं त्यांनी विचारलं. धाकटीनं मास्तरणीला पुढे केलं. त्यांनी फोटो काढला. कंपनीच्या पत्रिकेत तो आला, त्यात मास्तरीण डावीकडे, धाकटी मधोमध. मास्तरणीनं पत्रिका मला दाखवली आणि म्हणाली, "मधोमध कशाला उभी राहायची?" मी म्हटलं, "फोटोवाल्यानं उभी केली असेल." "हं," ती म्हणाली. पण ती पत्रिका तिनं घडी न घालता घरी नेली.

पाच वर्षांनी धाकटीला दुसऱ्या गावच्या मोठ्या कारखान्यात बोलावणं आलं, आणि दीर-जाऊ तिकडे गेले. जाताना दोघी खूप रडल्या, मास्तरीण जास्त. आता धाकटीची जागा मास्तरणीला दिली असती का, तर साहेबांनी विचारलं होतं. तिनं नाही म्हटलं, पण पुरवठादारांकडे माल बघायला जायचं काम घेतलं. ओढा, नाला, टाकी, सगळं बघून येते आणि चिखलाचे बूट मुद्दाम साहेबांच्या दारातून नेते.

मुलगी आता कॉलेजला आहे. कुठे, तर काकूच्या गावी. राहते काकूकडे, शिकतेही तेच, जे काकू करते. जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन येतो. मास्तरीण एका कानाला फोन लावून खोक्याला दोरी बांधत असते. "हो का? काकू काय म्हणाली? बरं. काकूनं आणलं? बरं बरं." मग ती फोन ठेवते आणि पाच मिनिटं कुणाशी बोलत नाही. आम्हाला ते माहीत आहे. त्या पाच मिनिटांत कुणीही तिच्याकडे कात्री मागायला जात नाही.